देवळालीचा ठिपका

आमच्या ऑफिसात कामाला सुरुवात घड्याळ बघून होत नसे, देवळालीकडे बघून होत असे. नगरच्या सावेडीत एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली दिवसभर पाइप कापल्याचा आवाज आणि वर आमचे सर आणि आम्ही चार माणसं अ‍ॅप तयार करणारी. सरांच्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात कायम एक छोटी चौकट उघडी असायची आणि त्या चौकटीत एक गोल ठिपका. सकाळी तो पिवळा असे. पिवळा असेपर्यंत सर कोणाशी बोलत नसत, चहा घेत नसत, आणि आम्ही की-बोर्डला हात लावलेलाही त्यांना खपत नसे. साडेआठ-नऊच्या सुमारास ठिपका हिरवा व्हायचा. मग सर "उठली" एवढंच म्हणत आणि जाऊन पंखा लावत. पंखा लागला की ऑफिस सुरू झालं.

नव्या माणसाला हा सगळा प्रकार एखाद्या व्रतासारखा वाटायचा. मलाही वाटला होता. पण त्यात गूढ काही नव्हतं. देवळाली म्हणजे राहुरीजवळची देवळाली प्रवरा. तिथे सरांची आई एकटी राहायची. वडील गेल्यावर सर आणि त्यांची पुण्याची बहीण, दोघांनीही तिला आपापल्याकडे न्यायचा चंग बांधला होता आणि ती हलायला तयार नव्हती. दोन खोल्यांचं घर, मागे शेवग्याचं झाड, एक शेळी आणि शेजारणीशी रोजचं भांडण एवढा तिचा संसार होता आणि तो तिला पुरत होता. शेवटी तह झाला. सरांनी तिच्यासाठी एक अ‍ॅप केलं. त्यात एकच मोठं बटण. आईने रोज सकाळी ते दाबायचं, म्हणजे सरांच्या कॉम्प्युटरवर आणि बहिणीच्या फोनवर ठिपका हिरवा होणार. ज्या दिवशी दुपारी बारापर्यंत तो हिरवा होणार नाही, त्या दिवशी सर गाडी घेऊन जाणार आणि आईने मुकाट्याने बोचकं बांधून नगरला यायचं. कायमचं. अट ऐकून आई म्हणाली होती म्हणे, "बटनच दाबायचं ना? मोप दाबते."

आमची अ‍ॅप मंगल कार्यालयवाले वापरत, बी-बियाण्यांची दुकानं वापरत, शाळांच्या बसवाले वापरत. पण ऑफिसात सगळ्यात जिवापाड जपलेलं अ‍ॅप होतं ते हे, तीन माणसांचं.

सर पन्नाशीच्या पुढचे, बिनलग्नाचे, ऑफिसच्या मागच्याच गल्लीत एका खोलीत भाड्याने राहणारे. संक्रांतीला चढवलेला बिनबाह्यांचा स्वेटर होळी होऊन गेली तरी अंगावरून उतरायचा नाही. मुळात ते शिक्षक वगैरे कधीच नव्हते, पण समजावून सांगायची खोड अशी दांडगी की सगळं गाव त्यांना सरच म्हणायचं. आम्ही जे फ्रेमवर्क वापरायचो त्यात प्रोग्रॅम एकदाच लिहायचा आणि तो विंडोजच्या कॉम्प्युटरवर, अँड्रॉइडवर, आयफोनवर सगळीकडे चालवायचा. हे गिऱ्हाइकाला सांगताना सरांची समाधी लागायची. "हे बघा, चूल ज्याची त्याची. तवा आपला, पीठ आपलं. आपण नुसतं पीठ पाठवत नाही, बरोबर आपला तवाही पाठवतो. तो कुठल्याबी चुलीवर ठेवा, भाकरी सगळीकडं सारखीच पडणार."

एकदा ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा एक मुकादम हे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ते खरं हाय सर, पन चुलीत जाळ किती हाय, ते कोन बघनार?" दुसरा कोणी असता तर चिडला असता. सरांनी त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. पुढे वर्षभर आम्ही दर दोन दिवसांनी ते वाक्य ऐकलं.

जाळ बघायला, म्हणजे कोणत्या फोनात किती दम आहे ते तपासायला म्हणून त्यांनी एका प्लायवूडच्या फळीवर जुने-नवे फोन बसवले होते. कापड बाजारातून, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडून, नातेवाइकांच्या ड्रॉवरमधून गोळा केलेले. प्रत्येकाला नाव. हळू चालणारा, पण कधी बंद न पडणारा एक होता, ती आत्या. दिसायला झकपक आणि काम सांगितलं की तापणारा, तो मेहुणा. फळीवर एकच आयफोन होता, तो जावई. "त्याचं सगळं वेगळं असतं," सर म्हणायचे, "जरा काही कमी पडलं की घरात घेत नाही, आणि वर आपल्याला काही बोलायची सोय नाही." बाहेरचा कोणी ऑफिसात आला आणि आमच्यातलं कोणी "सर, जावई सकाळपासून आडवा पडलाय" असं ओरडलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

माझा पहिला दिवस मी ऑफिसात काढलाच नाही. हातात तीन फोन देऊन सरांनी मला नेवाशाच्या एसटीत बसवलं. जाताना फॉर्म भरायचे, येताना फॉर्म भरायचे आणि रेंज गेली की कोणत्या फोनवर काय होतं ते बघायचं. "घोडेगावच्या पुढं जे टिकतं ते जगात टिकतं," असं त्यांनी मला खिडकीतून सांगितलं आणि गाडी सुटली. कंडक्टरने मला दोनदा विचारलं की ताई, तुम्ही जनगणनेच्या का. नेवाशाला उतरून मी चहा प्यायले आणि त्याच गाडीने परत आले. इंजिनिअरिंगचा डिप्लोमा घेतलेल्या मुलीने हे करायचं असतं का, असं आई घरी म्हणाली. मला मात्र मजा आली होती.

नोकरीवर ठेवलं तेही त्यांच्याच पद्धतीने. "सध्या फक्त या वेळी ठेवतो," ते म्हणाले. त्या "या वेळी"ला आता पाच-सहा वर्षं झाली असतील. कोणाला काहीही कायमचं द्यायचं त्यांच्या जिवावर यायचं. पेन द्यायचे तर "फक्त या वेळी". गाडीची किल्ली, छत्री, ऑफिसचा वायफाय, सगळं फक्त या वेळी. नव्या फोनमध्ये एखादं अ‍ॅप कॅमेरा किंवा आपलं ठिकाण मागायला लागलं की खाली तो एक पर्याय येतो, या वेळेपुरती परवानगी द्यायचा. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा सर कोणीतरी आपलं ओळखल्यासारखे खूश झाले. त्यांनी दुसरा पर्याय कधीच निवडला नाही.

फोनवरून लुबाडणाऱ्यांची त्यांना भयंकर भीती होती. त्यावर त्यांचं औषध एकच. फोनने काहीही विचारलं की आधी "नाही" म्हणायचं, मग विचार करायचा. हे ते न्हाव्याकडे सांगायचे, एसटीत शेजारच्याला सांगायचे, लग्नाच्या पंगतीत वाढप्याला सांगायचे. आईकडून तर त्यांनी ते पाढ्यासारखं घोटून घेतलं होतं. रोज संध्याकाळी फोन केला की शेवटी उजळणी. "फोननं विचारलं तर?" पलीकडून आई म्हणायची, "न्हाई." "पुन्हा विचारलं तर?" "न्हाई म्हनलं ना एकदा."

आणि अर्धी माहिती त्यांना सोसायची नाही. त्यांना फोन केला तर "बोला" म्हणत नसत. "मी बोलतोय, ऑफिसातून, उभा आहे," असं म्हणत. कार्यालयवाल्याच्या अ‍ॅपमध्ये तारीख भरली आणि वेळ राहिली तर ते बुकिंग पुढे जातच नसे. त्या माणसाने पुष्कळ विनवलं, पण सर ऐकेनात. "अर्धी माहिती पाठवणं म्हणजे खोटी माहिती पाठवणं. त्यापेक्षा काहीच न पाठवलेलं बरं." या तिन्ही गोष्टी आम्ही वेगवेगळ्या धरून हसायचो. त्या एके दिवशी एकत्र येतील असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं.

झालं असं की फ्रेमवर्कची नवी आवृत्ती आली आणि आमची सगळी अ‍ॅप तिच्यावर न्यायचं ठरलं. रिवाजाप्रमाणे पहिलं देवळालीचं. त्याच सुमारास पुण्याच्या बहिणीने एक तक्रार काढली होती. सरांची आई, म्हणजे आमच्या आजी, कोणाच्या तरी लग्नाला परगावी गेल्या आणि बटण तिथून दाबलं. ठिपका हिरवा, घराला कुलूप, आणि शेजारणीचा बहिणीला फोन. तेव्हा बटणाबरोबर आईचं ठिकाणही कळायला पाहिजे, असं बहिणीचं म्हणणं. सरांना ते पटलं, कारण ठिकाणाशिवाय माहिती अर्धीच. त्यांनी प्रोग्रॅममध्ये तसं लिहिलं. ठिकाण मिळालं तर हजेरी जाईल, न मिळालं तर काही जाणार नाही. आईला लाल अक्षरं दाखवून घाबरवायचं नाही म्हणून स्क्रीनवरही काही दिसणार नाही. रविवारी ते स्वतः देवळालीला गेले, आईच्या फोनवर नवं अ‍ॅप घातलं, बटण दाबून बघितलं. फोनने ठिकाणाची परवानगी मागितली. सरांनी ती आपल्या स्वभावाप्रमाणे दिली. ठिपका हिरवा झाला, सर शेवग्याच्या शेंगा घेऊन परत आले.

सोमवारी ठिपका पिवळाच राहिला.

उन्हाळ्याचे दिवस होते. नऊ वाजले, दहा वाजले. पंखा बंद. आम्ही घाम पुसत बसलो होतो. शेवटी सरांनी फोन लावला. आजींनी लगेच उचलला, म्हणजे जिवाला काही नव्हतं. आवाज एवढा खणखणीत की आम्हालाही ऐकू येत होता.

"बटण दाबलं नाहीस?"

"दाबलं की. चूल पेटवायच्या आधी दाबलं."

"इथं आलं नाही."

"मंग तुझ्याकडं बघ काय झालंय त्ये."

"बरं, परत दाब."

"का म्हनून? एकदा दाबलंय मी. मी काय खोटं बोलते?"

सरांनी फोन ठेवला. बारापर्यंत ते त्या चौकटीकडे बघत बसले. त्यांना राग आला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. दाबलं नाही आणि दाबल्याचं आठवतंय, म्हणजे आईचं डोकं आता साथ सोडायला लागलं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. "मशीन कशाला खोटं बोलेल?" एवढंच ते मला म्हणाले. बारा वाजता उठले, गाडी काढली आणि संध्याकाळी आईला घेऊन आले. शेळी शेजारणीच्या दारात बांधली गेली. जिच्याशी रोज भांडण, ती शेजारीण रडली आणि आजी रडल्या नाहीत. हे मला आजींनीच पुढे सांगितलं. वाटेत राहुरी ओलांडली तेव्हा त्या एकच वाक्य बोलल्या होत्या. "मी दाबलं हुतं."

दुसऱ्या दिवशी त्यांना खोलीवर एकटं कसं ठेवायचं म्हणून सर ऑफिसात घेऊन आले. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत त्या बसल्या, पिशवी मांडीवर. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. इतकी वर्षं जिच्या नुसत्या ठिपक्यावर आम्ही पंखा लावायचो ती बाई समोर बसली होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. आपलं घर अशा कारणाने गेलं तर माणसाने कोणाकडे दाद मागायची?

साडेआठ झाले आणि आजींनी पिशवीतून फोन काढला. हरलेल्या डावातही सवय सुटत नाही. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांनी अ‍ॅप उघडलं, मोठं बटण अंगठ्याने ठामपणे दाबलं. फोनवर प्रश्न आला, या अ‍ॅपला तुमचं ठिकाण कळू द्यायचं का? आजींनी तो वाचलासुद्धा नाही. अंगठा सरळ खाली गेला, नकारावर टेकला आणि फोन पिशवीत गेला.

तिकडे सरांच्या चौकटीत ठिपका पिवळा.

"सर," मी म्हणाले, "आजींनी आत्ता बटण दाबलं. मी बघितलं."

सर वळले. मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. ते उठून आईपुढे आले. "फोननं विचारलं तेव्हा तू नाही का म्हणालीस?"

आजींनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू मुलगा इतका शिकून शेवटी हा प्रश्न विचारतोय. "तूच सांगितलं हुतंस ना? फोननं काय बी इचारलं की न्हाई म्हनायचं. काल बी इचारलं, काल बी न्हाई म्हनले. रोज संध्याकाळी मला इचारतोस तवा काय म्हनते मी?"

फक्त या वेळी परवानगी देणारे सर, म्हणून फोन दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणार. विचारलं की नाही म्हणायला शिकवणारे सर. अर्धी माहिती न पाठवणारे सर. आमच्यातल्या एकाला हे सगळं एकदम कळलं आणि तो तोंडावर हात धरून गच्चीवर पळाला. मला हसू आलं नाही. सर खाली बघत उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मग ते भिंतीपाशी गेले आणि ठिपका पिवळा असताना त्यांनी पंखा लावला. असं पहिल्यांदाच होत होतं.

"चुकलं माझं," ते पंख्याकडे बघत म्हणाले. "चल, तुला सोडून येतो."

मला वाटलं आजी ताडकन उठतील. त्या उठल्या नाहीत. "थांब जरा," त्या म्हणाल्या. "मी रोज दाबते. तू दाबतोस का?"

"मी कशाला? मला काय झालंय?"

"मंग मला तरी काय झालंय? तू बी एकटाच ऱ्हातोस. तू हायेस का न्हाई, ते मला कसं कळायचं? आता तू बी दाबायचं. अट तीच. बारा वाजेपातूर."

सरांनी वाद घालायचा प्रयत्न केला, पण सकाळच्या प्रकारानंतर त्यांच्या शब्दाला वजन उरलं नव्हतं. शिवाय पीठ एकच असल्यामुळे काम फार नव्हतंच. जे बटण आईच्या फोनवर, तेच सरांच्या फोनवर द्यायचं, आणि सगळ्यांना एकाऐवजी दोन ठिपके दाखवायचे. ते मीच केलं. प्रत्येक फोनवर ठिकाणाची परवानगी कायमची दिली आणि सरांना ती पुन्हा बदलू दिली नाही. दुपारी आजी पाणी प्यायल्या, चहा प्यायल्या आणि देवळालीला गेल्या. शेळी त्याच संध्याकाळी परत शेवग्याला बांधली गेली आणि शेजारणीशी भांडण पूर्ववत सुरू झालं.

सर बटण दाबत, पण दंड भरल्यासारखे. कधी विसरले की अकराच्या आत देवळालीहून फोन यायचाच. आम्ही म्हणायचो, सर, तुमची हजेरी राहिली वाटतं. ते आमच्याकडे न बघता बटण दाबत.

मग नवरात्राच्या सुमारास एके दिवशी सर ऑफिसात आले नाहीत. त्यात विशेष नव्हतं. न सांगता एसटीत बसून फोन तपासायला जाणं हा त्यांचा जुना नाद होता आणि अशा वेळी ते फोन उचलत नसत. आजींचा ठिपका हिरवा झाला, आम्ही पंखा लावला, कामाला लागलो. दुसरा ठिपका सरांचा. पंखा लागल्यावर त्या चौकटीकडे बघत बसणारे सरच, आणि त्यांचीच खुर्ची रिकामी, तेव्हा तो कोण बघणार?

दुपारी जिन्यात चपलांचा आवाज आला. आजी होत्या. देवळालीहून राहुरी फॅक्टरीपर्यंत टमटमने आणि तिथून एसटीने आलेल्या, पदर कमरेला खोचलेला. दाराशीच त्यांनी विचारलं, "कुठंय त्यो? बारा वाजून गेलं."

मी त्यांना मागच्या गल्लीत घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सर कॉटवर स्वेटर घालून, दोन चादरी पांघरून पडले होते, तापाने फणफणलेले. फोन उशाशी, बॅटरी संपून बंद. आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नव्हतं आणि उठून दारापर्यंत यायचंही त्राण नव्हतं. आजींनी कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "पोरी, रिक्षा आन." त्या वेळी मला जी भीती वाटली ती मी आजही नीट सांगू शकत नाही. आम्ही चौघं त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर पंख्याखाली बसलो होतो, आणि कळलं ते देवळालीला.

डेंग्यू निघाला. काही दिवस दवाखान्यात गेले, मग ताप उतरला. डिस्चार्ज मिळायच्या दिवशी मी सरांचे कपडे घेऊन गेले तर आजी आधीच खोलीवर जाऊन आल्या होत्या. कॉटच्या पायाशी त्यांच्या लुगड्यात बांधलेलं एक मोठं बोचकं होतं. त्यातून स्वेटरची कड बाहेर आली होती.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"बोचकं. ठरलंय ना आपलं? बारा वाजले, ठिपका हिरवा न्हाई झाला. चल आता देवळालीला."

"अगं आई, ती अट तुझ्यासाठी होती."

"मी बांधलं हुतं ना माझं बोचकं? मी तर दाबलं बी हुतं."

सरांनी शेवटचा प्रयत्न केला. "इथलं काम कोण बघणार? ऑफिस हाय, गिऱ्हाइकं हायेत." आजारात माणूस आईच्या बोलीवर येतो तसे ते आले होते.

"तूच म्हनतोस ना, चूल ज्याची त्याची, तवा आपला?" आजी म्हणाल्या. "सगळीकडं चालतंय म्हनतोस तुझं काम. मंग देवळालीतच का न्हाई चालायचं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या चपला शोधायला कॉटखाली वाकले. वर आले तेव्हा ते उठून बसले होते.

"बरं, येतो," ते म्हणाले. "पण फक्त या वेळी."

"बरं," आजी म्हणाल्या आणि बोचक्याची गाठ आणखी आवळली.

त्यानंतर शेवग्याला बऱ्याचदा शेंगा येऊन गेल्या. सर तिथूनच काम करतात. फळी त्यांनी पहिल्या आठवड्यातच मागवून घेतली. जावई आता शेळीच्या दावणीजवळच्या भिंतीवर आहे, तिथे रेंज चांगली येते म्हणे. महिन्यातून एकदा ते एसटीने नगरला येतात, स्वेटर घालून, माझ्याकडून पेन घेतात आणि "फक्त या वेळी" म्हणून परत करतात. मला त्यांची फार आठवण येते, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

कोपऱ्यातली ती चौकट आता माझ्या कॉम्प्युटरवर असते. दोन्ही ठिपके एकाच घरातून येतात. एकाच ओट्यावर बसलेली दोन माणसं एकमेकांना दिसत असताना रोज सकाळी बटणं कशाला दाबतात, असं मी एकदा सरांना फोनवर विचारलं होतं. पलीकडून आजींचाच आवाज आला, "आमाला न्हाई गं. तुमाला पंखा लावायचा असतो ना?"

दोन्ही हिरवे झाले की मी उठून पंखा लावते.